डोक्याला मार आणि अँटिऑक्सिडंट गोळ्या: काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात माझं मेडिकल आहे. आजूबाजूला दवाखाने असल्यानं संध्याकाळी सात ते दहा काउंटरवर पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. बऱ्याचदा मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मग चिठ्ठ्यांचा रंगच बदलतो. फिटची गोळी, मेंदूची सूज उतरवणारी बाटली, अँटिबायोटिक, आणि सगळ्यांच्या खाली एक-दोन ‘ताकदीच्या’, म्हणजे बहुतेक अँटिऑक्सिडंटच्या, कॅप्सूल. लोक सगळ्यात जास्त विचारतात ते या शेवटच्या ओळीबद्दल. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. या कॅप्सूल मीही विकतो. तेव्हा खाली जे लिहिलंय ते माझ्या गल्ल्याच्या विरोधात जाणारं आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

थेट सांगा. मेंदूला मार लागलेल्या माणसाला अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी गुण येतो का?

येतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. मोठ्या चाचण्या झाल्या, त्या फोल गेल्या. छोट्या एक-दोन चाचण्यांत थोडी आशा दिसली, पण तेवढ्यावर घरी गोळ्या सुरू कराव्यात असं काही नाही.

मग ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ वगैरे म्हणतात ते थोतांड का?

थोतांड नाही, आणि घोळ इथंच होतो. डोकं आपटतं तेव्हा दुखापती दोन होतात. पहिली त्याच क्षणी होते: हाड फुटतं, रक्तवाहिनी तुटते, मेंदूतले लांब धागे ताणून फाटतात. तिच्यावर कुणाचाच इलाज नाही, ती होऊन गेलेली असते. दुसरी पुढच्या काही तासांत आणि दिवसांत आतल्या आत वाढत जाते. मार बसलेल्या पेशींतून ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभसा बाहेर पडतं, शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं, पेशींचं वीजघर असलेलं मायटोकॉन्ड्रिया बिघडतं आणि त्यातून ‘फ्री रॅडिकल’ म्हणतात ते माथेफिरू रेणू सुटतात. त्यांच्या या माऱ्यालाच ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात, आणि त्यांना आवरणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. रक्तस्राव झाला असेल तर त्या रक्तातलं लोह हे काम आणखी भडकवतं.

हे रेणू चरबीवर तुटून पडतात, आणि मेंदूतलं पाणी वगळलं तर उरलेल्यात अर्ध्याहून जास्त चरबीच असते. वजनाला मेंदू शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण आपण घेतो त्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के एकटा खातो. म्हणजे चरबीही भरपूर आणि ऑक्सिजनही भरपूर.

सोलापूरकराला हे समजावायला मला शेंगाचटणी पुरते. उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी डब्यात दोन-तीन महिने तशीच राहिली की झाकण काढल्याबरोबर खवट वास येतो. शेंगतेलातल्या एका रेणूला ऑक्सिजन चिकटतो, तो बिघडतो, शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला. मार लागलेल्या मेंदूच्या पेशींच्या पडद्यात हेच रसायन चालतं. ही नुसती उपमा नाही, क्रिया खरोखर तीच आहे. फरक इतकाच की डब्यात महिने लागतात, डोक्यात ती काही मिनिटांत सुरू होते.

तर्क इतका बरोबर आहे, तर गोळी का चालत नाही?

तीन-चार कारणं आहेत. माझ्या मते पहिलं सगळ्यात मोठं, ते म्हणजे वेळ. मोहोळच्या पुढं हायवेवर रात्री अकराला गाडी घसरली असं धरा. १०८ ला फोन, सोलापूरला आणणं, सीटी स्कॅन, गरज पडली तर ऑपरेशन, आयसीयू. तोंडानं गोळी गिळण्याइतका माणूस शुद्धीवर यायला चार दिवस, कधी पंधरा. आणि ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेली स्ट्रिप हातात पडते ती डिस्चार्जच्या दिवशी. तोवर त्या रेणूंचा मोठा भडका कधीच होऊन गेलेला असतो. खवट झालेल्या चटणीत वरून ताजं तेल ओतलं तर ती ताजी होत नाही.

दुसरं कारण मेंदूभोवतीची गाळणी. रक्तातली प्रत्येक गोष्ट मेंदूत जाऊ द्यायची नाही, हे तिचं कामच आहे. मार लागल्यावर ती काही ठिकाणी फाटते, तरी गोळीतलं औषध हव्या त्या जागी हव्या तेवढ्या प्रमाणात पोचत नाही. व्हिटॅमिन सी रक्तात एका मर्यादेपर्यंतच वाढतं. रोज दोन-चारशे मिलिग्रॅम पोटात गेलं की रक्ताची पातळी जवळपास भरते, त्यावरचं बहुतेक लघवीवाटे जातं. हजार मिलिग्रॅमची गोळी घेऊन लोकांना काय वाटतं कोण जाणे.

तिसरं, यातला सगळ्यात खोडकर रेणू हायड्रॉक्सिल रॅडिकल. तो सेकंदाच्या अब्जाव्या भागात समोर येईल त्याला चावून मोकळा होतो. त्याला अडवायचं तर अडवणारा नेमका त्याच्या शेजारी, आधीपासून आणि ढिगानं उभा पाहिजे. चोर पळून गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभा करून काय उपयोग?

आणि उंदीर. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर यातली बरीच औषधं छान चालली. पण तिथं औषध माराच्या आधी किंवा नंतर काही मिनिटांत देतात, मार नेमका एकाच जागी आणि मोजून दिलेला असतो, उंदीर तरुण आणि निरोगी असतात. वर उंदीर स्वतःच्या शरीरात व्हिटॅमिन सी तयार करतात, आपल्याला ते जमत नाही. आपल्याकडचा पेशंट पंचावन्नचा, शुगर, बीपी, तोंडात तंबाखू, आणि मार चार ठिकाणी.

माणसांवर कुणी नीट करून पाहिलं आहे का?

पाहिलंय, आणि बाजारातल्या कॅप्सूलपेक्षा कितीतरी दमदार औषधं शिरेतून देऊन पाहिलंय. चरबी खवट होण्याची क्रिया थांबवायची म्हणून खास घडवलेलं टिरिलाझॅड नावाचं औषध होतं. ११२० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल १९९८ साली छापून आला: एकंदरीत फायदा नाही. त्याआधी सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे आपलं शरीर स्वतः वापरतं तो एन्झाइम, रक्तात जास्त वेळ टिकेल अशा रूपात ४६३ जणांवर वापरून पाहिला. आधीच्या छोट्या चाचणीत तो झकास वाटला होता. मोठ्या चाचणीत, १९९६ साली, ठोस फरक दिसला नाही. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनबद्दलही हीच आशा होती. २०१४ साली दोन मोठ्या चाचण्या एकदमच प्रसिद्ध झाल्या, मिळून दोन हजारांवर रुग्ण, दोन्हीत काही नाही.

छोट्या चाचणीत चमक आणि मोठ्या चाचणीत विझणं हा क्रम या विषयात इतक्या वेळा घडलाय की आता कुणी ‘पन्नास पेशंटना फरक पडला’ असं सांगितलं तर माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. आधी नीट वाचू म्हणून.

फायदा नसला तरी तोटा तर नाही ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी स्टेरॉइडची गोष्ट सांगतो. डोक्याला मार लागला की स्टेरॉइडचं इंजेक्शन, हा रिवाज जगभर कित्येक वर्षं होता. सूज उतरते, फ्री रॅडिकलचा मारा कमी होतो, असा पटणारा तर्क. शेवटी ‘क्रॅश’ नावाची चाचणी झाली. वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरले होते, दहा हजार आठवर ती थांबवावी लागली. २००४ चा निकाल असा: दोन आठवड्यांत मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरामागे तीन माणसं जास्त. इतकी वर्षं ‘तोटा तर नाही ना’ म्हणतच ते दिलं जात होतं.

आता कॅप्सूलचं. व्हिटॅमिन ई मोठ्या मात्रेत रक्त गोठणं मंदावतं. अमेरिकेत १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर अनेक वर्षं चाललेल्या चाचणीत दिवसाआड ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत मेंदूतला रक्तस्राव ३९ जणांना झाला, न घेणाऱ्यांत २३ जणांना. आकडे लहान आहेत, मान्य. पण ज्याच्या डोक्यात आधीच रक्ताची गाठ आहे त्याच्या बाबतीत हा जुगार कशासाठी? माशाच्या तेलाच्या आणि जिंको या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूलबद्दलही डॉक्टरला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर. बीटा कॅरोटिनची मोठी मात्रा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढवते, हे फिनलंडच्या १९९४ च्या चाचणीत दिसलं. बिड्या वळणाऱ्या आणि ओढणाऱ्या या शहरात हे वेगळं सांगायला नको. व्हिटॅमिन सी रोज हजार-दोन हजार मिलिग्रॅम घेतलं तर मुतखड्याचा धोका वाढतो, आणि मुतखडा आपल्याकडे काही पाहुणा नाही. शिरेतून ते खूप मोठ्या मात्रेत दिलं तर काही ग्लुकोमीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. मग त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं जाण्याची भीती.

फिटच्या गोळीसोबत या कॅप्सूल चालतात का?

हे नीट वाचा, कारण खरा अपघात इथं घडू शकतो. मोठ्या मारानंतर पहिल्या आठवड्यात फिट येऊ नये म्हणून बहुतेक वेळा फेनिटॉइन किंवा लेव्हेटिरासिटाम देतात. गरजेप्रमाणे पुढंही चालू ठेवतात. फेनिटॉइन हट्टी औषध आहे. रक्तातली त्याची पातळी थोडी खाली गेली की फिट येते, थोडी वर गेली की माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते. आता ‘अँटिऑक्सिडंट विथ मल्टीव्हिटॅमिन’ लिहिलेल्या कॅप्सूलच्या मागची बारीक अक्षरं वाचा. फॉलिक ॲसिड सापडेल. ते फेनिटॉइनची पातळी खाली आणतं. बी-६ मोठ्या मात्रेत तेच करतं, आणि महिनोन्‌महिने घेतलं तर हातापायाला मुंग्याही आणतं. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये पिपेरिन, म्हणजे मिऱ्याचा अर्क घातलेला असतो. तो उलट फेनिटॉइनची पातळी वाढवतो. एक खाली ओढतो, एक वर.

मंगळवेढ्याकडच्या एक मावशी मुलाच्या गोळ्या न्यायला यायच्या. रुमालाच्या गाठीतून नोटा सोडायच्या, चिठ्ठी काउंटरवर तळव्यानं सपाट करायच्या. एकदा म्हणाल्या, “दादा, पोरगं परवापासून नुसतं झुलायलंय, दारू प्यायल्यासारखं. डोक्यात परत रक्त झालं का काय?” पिशवी रिकामी करायला लावली. फेनिटॉइन होतीच. शेजारी पाहुण्यानं पुण्याहून पाठवलेली हळदीची कॅप्सूल, ‘ब्रेन हेल्थ’ म्हणून. डबीवर पिपेरिन ठळक छापलेलं. मी काही निदान केलं नाही, तिथूनच त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी रक्तातली पातळी तपासायला सांगितली, ती वाढलेली निघाली. दोष कॅप्सूलचाच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण ती बंद केल्यावर आणि गोळीची मात्रा बसवल्यावर पोरगं सरळ चालायला लागलं. आता मावशी कुणी काही दिलं की आधी मला दाखवायला आणतात. बाभळीचा डिंकसुद्धा.

फिटची गोळी मग बंद करावी का? चिडचिड फार करतो.

स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. लेव्हेटिरासिटामनं चिडचिड होऊ शकते, डॉक्टरला सांगा, ते बदलून देतात.

एनएसी नावाची फसफसणारी गोळी मिळते. अमेरिकन सैनिकांना दिली होती म्हणे?

खरं आहे. पाण्यात टाकली की सोड्यासारखी फसफसते, कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर वापरतात. इराकमध्ये स्फोटाच्या दणक्यानं डोक्याला सौम्य मार बसलेल्या ८१ सैनिकांवर ती वापरून पाहिली, निकाल २०१३ साली आला. चोवीस तासांच्या आत सुरू केली तर सात दिवसांनी ८६ टक्के जणांची लक्षणं गेली, औषध नसलेल्या साध्या गोळीवर असलेल्यांपैकी ४२ टक्के जणांची. हा या सगळ्या विषयातला सगळ्यात आशेचा आकडा, म्हणून मी तो लपवत नाही. पण रुग्ण ८१ होते, मार सौम्य होता, स्फोटाचा होता आणि औषध चोवीस तासांच्या आत गेलं. मोटारसायकलवरून पडून आठवडाभर बेशुद्ध असलेल्याला महिन्यानंतर ती देणं हे त्या चाचणीतून निघत नाही. एनएसी मेंदूत फार शिरतही नाही. ते शिरावं आणि टिकावं म्हणून सोबत प्रोबेनेसिड देऊन लहान मुलांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, तीत मुलं चौदा. अजून रस्ता लांब आहे.

आणि व्हिटॅमिन सी, ई ची इंजेक्शनं?

इराणमध्ये शंभरच्या आसपास रुग्णांवर पाहिलंय, २०११ च्या सुमारास. व्हिटॅमिन ई च्या गटात निकाल थोडे बरे दिसले, सी च्या मोठ्या मात्रेनं सूज आवरल्यासारखी दिसली. चार गटांत शंभर माणसं विभागली तर एकेका गटात किती राहिली, तुम्हीच हिशोब करा. वर मी म्हटलं ती छोट्या चाचणीची चमक हीच.

चिठ्ठीवर सिटिकोलिन आहे. तेही अँटिऑक्सिडंट का?

नेमकं तसं नाही, पण ‘मेंदूची ताकद’ या एकाच खणात लोक ते टाकतात म्हणून सांगतो. १२१३ रुग्णांना नव्वद दिवस देऊन अमेरिकेत चाचणी झाली, २०१२ चा निकाल: साध्या गोळीपेक्षा सुधारणा नाही. आपल्याकडे मात्र ते अजून धडाक्यात लिहिलं जातं आणि स्वस्त नाही. दोन-तीन महिने चालू असेल आणि घरात ओढाताण होत असेल तर न्यूरोसर्जनला सरळ विचारा.

डॉक्टरांना असं कसं विचारायचं? त्यांना राग आला तर?

बहुतेकांना येत नाही. “साहेब, यातल्या कोणत्या गोळ्या चुकवून चालणारच नाहीत?” एवढंच विचारा. प्रश्नात आरोप नाही, पैशाचं रडगाणं नाही. डॉक्टर पेन उचलून दोन-तीन ओळींवर खूण करतात. खूण नसलेल्या ओळी बहुतेक आमच्या गल्ल्याच्या असतात. बरेच डॉक्टर मला खासगीत सांगतात की काहीतरी ताकदीचं लिहिलं नाही तर नातेवाइकच नाराज होतात. म्हणजे चिठ्ठी फुगवायला दोन्हीकडून हातभार लागतो, तिसरा आमचा.

हळदीचं दूध, डाळिंब, आवळा?

शुद्धीवर असलेल्या, नीट गिळता येणाऱ्या माणसाला जेवणातलं खुशाल द्या. आपल्या डाळिंबाला जीआय मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच केगावला आहे, आणि दाण्यात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात हेही खरं. पण डाळिंबातले ते मोठे रेणू जसेच्या तसे रक्तात जात नाहीत. आतड्यातले जंतू ते मोडून दुसरंच काही बनवतात, आणि ते किती बनेल हे माणसागणिक बदलतं. डाळिंब फळ म्हणून उत्तम. मेंदूच्या माराचं औषध म्हणून नाही. स्वयंपाकातल्या चिमूटभर हळदीनं काही बिघडत नाही, अर्काच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी, ती वर आलीच.

एक हात जोडून विनंती. अर्धवट गुंगीत असलेल्या पेशंटच्या तोंडात चमच्यानं रस किंवा दूध सोडू नका. आजी कॉटच्या कडेला बसून मायेनं चमचा ओठाला लावते, तो रस घशाऐवजी श्वासनळीत जातो आणि दोन दिवसांत न्यूमोनिया. गिळणं तपासून सांगितल्याशिवाय तोंडानं पाणीसुद्धा नाही.

नळी घातलीय. नळीतून काय काय द्यायचं?

आहारतज्ज्ञ सांगतील ते, आणि सांगतील तेवढं. अँटिऑक्सिडंटच्या नादात लोक साध्या अन्नाला विसरतात म्हणून हे इथं लिहितोय. डोक्याच्या गंभीर मारासाठी २०१६ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत आहार लवकर सुरू करून शरीराची मूळ गरज पाचव्या दिवसापर्यंत, फार तर सातव्यापर्यंत भागवावी असं स्पष्ट म्हटलंय. अँटिऑक्सिडंट गोळी द्या असं त्यांत कुठंही नाही, आणि स्टेरॉइड देऊ नका असं आहे. मार लागलेलं शरीर स्नायू जाळत सुटतं. त्याला पोटभर कॅलरी आणि प्रोटीन लागतं. कॅप्सूलच्या पैशात महिन्याची अंडी, दूध आणि डाळ येते. आणि नळीतून फेनिटॉइन देत असाल तर अन्नासोबत देऊ नका, अन्नात ती नीट शोषली जात नाही. मधे किती वेळ सोडायचा हे नर्सना विचारून घ्या.

रिपोर्टमध्ये बी-१२ आणि डी कमी आलंय. तेही घेऊ नको?

घ्या! कमी असलेलं भरून काढणं हा वेगळा विषय आहे. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघतं, त्यानं थकवा, विसराळूपणा, मुंग्या येतात आणि माणूस तो दोष माराला देतो. तपासणी, मात्रा, पुन्हा तपासणी. यात माझा आक्षेप शून्य.

डबीवर ‘मेंदूच्या पेशी पुन्हा जिवंत करते’ असं छापलंय. सरकार असंच छापू देतं का?

देत नाही. डबीवर औषधाचा परवाना आहे की अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक, ते आधी बघा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो माल कायद्यानं अन्नाच्या वर्गात मोडतो आणि त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची ओळ इंग्रजीत असावी लागते. असते, पण उलट्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढी. पुढच्या बाजूला मात्र चमचमणारा मेंदू. १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्यात ज्या रोगांच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत मेंदूचे विकार आहेत, फिट आहे, लकवाही आहे. अमेरिकेत तिथल्या औषध प्रशासनानं २०१३ साली लोकांना बजावलं होतं की डोक्याच्या माराला बरं करतो म्हणणाऱ्या पूरक गोळ्यांवर विश्वास ठेवू नका. त्यांची काळजी अशी होती की गोळी घेतली म्हणून बरं झालो असं समजून खेळाडू लवकर मैदानात उतरेल आणि दुसरा मार बसेल. आपल्याकडे मैदानाच्या जागी मोटारसायकल धरा.

सीटी नॉर्मल आहे, पण पंधरा दिवस डोकं दुखायलंय, गरगरायलंय. काहीतरी द्या.

सौम्य मारानंतर हे होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग हळूहळू चालणं आणि काम वाढवत नेणं. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं उलट बाधतं. दारू बंद, डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी बंद. दुखण्याची गोळीही रोज-रोज घेऊ नका, गोळ्यांच्या अतिरेकानं वेगळीच डोकेदुखी लागते. पण उलट्या वाढल्या, झोपेतून उठवलं तरी नीट जागा होईना, फिट आली, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं बदललं, किंवा नाका-कानातून पाण्यासारखं गळायला लागलं, तर माझ्या दुकानात येऊ नका. सरळ कॅज्युअल्टीत जा. आधी शुद्धीवर असलेला, बोलणारा माणूस काही तासांनी अचानक ढासळतो असंही होतं.

मग नेमकं कशानं फरक पडतो?

पहिल्या तासांतल्या साध्या गोष्टींनी. ऑक्सिजन कमी पडू न देणं, रक्तदाब पडू न देणं. वरचा रक्तदाब एकदा जरी नव्वदच्या खाली गेला तरी गंभीर मार असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, हे १९९३ पासून माहीत आहे. ज्या ऑक्सिजनला घाबरून आपण ‘अँटिऑक्सिडंट’ शोधतो, त्याच्याच अभावानं मेंदू आधी मरतो! ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवणारं जुनं, स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिलं तर सौम्य आणि मध्यम मारात मृत्यू कमी होतात, असं १२,७३७ रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत दिसलं. तेही दवाखान्यातच द्यायचं, घरी नाही. आणि तीन तासांनंतर दिलं तर तो फायदा मिळत नाही. पुन्हा वेळच.

म्हणून अपघात दिसला तर १०८ लावा, मान न हलवता उचला, ‘पोलीस केस होईल’ म्हणून पाठ फिरवू नका. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यानं संरक्षण आहे. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोखरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. ठरलेल्या रुग्णालयांत ती चालते, दाखल करतानाच विचारा. महात्मा फुले योजनेचंही तिथंच विचारा.

त्यानंतर फिजिओथेरपी, बोलायला शिकवणारा थेरपिस्ट, झोप, आणि रोज त्याच वेळी तेच काम. कंटाळवाणं आहे. पहिले सहा महिने तरी सोडू नका.

घरात तीन महिन्यांच्या कॅप्सूल आणून ठेवल्यात. परत घेता का?

बिल आणा. न कापलेली, तारीख बाकी असलेली स्ट्रिप मी घेतो. कापलेली घेत नाही, कारण बॅच नंबर आणि तारीख बऱ्याचदा कापलेल्या कोपऱ्यात गेलेली असते. पुण्याहून किंवा ऑनलाइन आलेली डबी माझ्याकडे आणू नका, ती पाठवणाऱ्याला द्या. आणि परत केलेल्या पैशात गोळी मागू नका. मागच्या आठवड्यात एका मामांनी तेवढ्यात हेल्मेट येतं का असं विचारलं. पूर्ण येत नव्हतं, दोनशे कमी पडत होते.